तान्ह्या मुलांचा पोटशूळ : नावे, औषधे आणि एक विसरलेला शब्द

तान्ह्या मुलाच्या पोटात वायू धरणे आणि त्यामुळे त्याने आकांत करणे हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घ्यावा याचे काही वाचकांस नवल वाटेल. हा प्रांत वैद्यांचा आणि त्याहूनही अधिक घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा, अशी आपली समजूत असते आणि ती बव्हंशी खरीही आहे. परंतु या दुखण्याचा इतिहास पाहू लागले असता एक गोष्ट प्रथमच ध्यानात येते. ज्याला हे दुखणे होते त्याला बोलता येत नाही, आणि ज्यांना बोलता येते त्यांना ते होत नाही. म्हणजे या विकाराची जेवढी नावे आज आपल्यापुढे आहेत, ती सर्व रोग्याने नव्हे, तर त्याचे रडणे ऐकणाऱ्यांनी दिलेली आहेत. नाव देणे हाच येथे निदानाचा पहिला टप्पा ठरतो आणि औषध त्या नावाच्या मागोमाग येते. प्रस्तुत निबंधात नाव आणि औषध यांचा हा परस्परसंबंध काही निवडक उदाहरणांवरून दाखवावयाचा आहे, आणि शेवटी मराठीने जवळजवळ विसरून टाकलेल्या एका शब्दाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

१. वाचेवाचून वेदना

लॅटिन भाषेत बालकाला 'इन्फान्स' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'न बोलणारा' असा असून इंग्रजीतील 'इन्फंट' हा शब्द त्यापासूनच आला आहे. हाच विचार संस्कृत वैद्यकात स्वतंत्रपणे आढळतो. काश्यपसंहिता हा बालरोगविषयक प्राचीन ग्रंथ नेपाळातील एका खंडित हस्तलिखितावरून राजगुरू हेमराज शर्मा यांच्या प्रयत्नाने उपलब्ध झाला आणि १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यातील 'वेदनाध्याय' हा अध्याय आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ज्यांना वाचा नाही अशा बालकांच्या देहातील नाना वेदना वैद्याने ओळखाव्या कशा, हा त्या अध्यायाचा विषय होय. त्याचे उत्तर म्हणून एकेका वेदनेची बाह्य लक्षणे सांगितली आहेत. डोके दुखत असता बालक मान हलविते, कान दुखत असता हात कानाकडे नेते, अशा प्रकारची ही सूची आहे. शूळाविषयी सांगितलेली लक्षणे अशी : बालक तोंडातला स्तन टाकून देते, रडते, उताणे निजते, त्याचे पोट ताठ होते, अंगाला गारवा येतो आणि तोंडावर घाम सुटतो.

या वर्णनाची सूक्ष्मता मान्य केलीच पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही याच जातीचा विचार आहे. जेथे दुखते तेथे बालक पुनःपुन्हा हात नेते आणि दुसऱ्याने तेथे स्पर्श केला असता रडते, असे तेथे म्हटले आहे. आधुनिक परिभाषेत बोलावयाचे तर या ग्रंथकारांनी हावभावांची एक चिन्हव्यवस्था मांडली आणि तिचा अर्थकोश तयार केला. पण कोशकाराच्या कामात जी जोखीम असते ती येथेही आहे. चिन्ह दिसते, अर्थ मात्र लावावा लागतो. पोट ताठ होणे ही पाहिलेली गोष्ट आहे. पोटात शूळ उठला आहे हा लावलेला अर्थ आहे. पुढील सर्व इतिहास या दोहोंमधील अंतर पुसले जाण्याचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२. दुखण्याची नावे

वेगवेगळ्या भाषांनी या दुखण्यास दिलेली नावे एकत्र ठेवून पाहिली म्हणजे त्यांच्यातील भेद मोठा उद्बोधक वाटतो. संस्कृतातील 'शूल' म्हणजे अणकुचीदार सुळा किंवा भाला. मराठीतील 'पोटशूळ' या शब्दात टोचण्याची ही कल्पना कायम आहे. इंग्रजीतील 'ग्राइप' हा शब्द मुठीत घट्ट पकडणे या अर्थाच्या जुन्या जर्मानिक धातूपासून आला आहे. तेथे वेदना म्हणजे आतडे कोणी आवळून धरणे होय. 'कॉलिक' हे नाव तर वेदनेचे नसून स्थानाचे आहे. मोठ्या आतड्याला ग्रीक भाषेत जे नाव आहे त्यावरून ते घडले. मराठीतील 'मुरडा' हे पिळवटण्याचे नाव आहे आणि मुरडणे या क्रियापदाशी त्याचे नाते उघड आहे. 'वायगोळा' हे चौथ्या प्रकारचे नाव. त्यात वेदनाही नाही आणि स्थानही नाही, तर वायू साचून त्याचा गोळा झाला, असे कारणच सांगितलेले आहे.

टोचणे, आवळणे, पिळणे आणि फुगणे ही चारही रूपके प्रौढ माणसाने स्वतःच्या पोटदुखीच्या अनुभवावरून घेतली आहेत. ती बालकाच्या रडण्यावर लावली जातात तेव्हा एक अनुमान नकळत गृहीत धरले जाते. ते असे की हे रडणे पोटातूनच येत आहे. बालक पाय पोटाशी घेते, चेहरा लाल होतो आणि वायू सरला म्हणजे कधी कधी रडणे थांबते. त्यामुळे हे अनुमान सबळ वाटते. तथापि रडताना बालक पुष्कळ हवा गिळते आणि ती हवा पोटातच जाते, हेही तितकेच खरे आहे. यास्तव पोट फुगणे हे रडण्याचे कारण की रडण्याचा परिणाम, हा प्रश्न नावाने सुटत नाही. नावामुळे तो झाकला मात्र जातो.

इंग्लंडमधील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सतराव्या शतकात लंडन शहरात मृत्यूंची जी साप्ताहिक पत्रके निघत, त्यांत आतड्यांतील 'ग्राइपिंग' हे मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदविले जाई. जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये या पत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला. पुढे १६८९ मध्ये वॉल्टर हॅरिस या वैद्याने बालरोगांवरील आपल्या लॅटिन ग्रंथात बालकांच्या तीव्र विकारांचे मूळ पोटातील आम्लात असल्याचे प्रतिपादन केले आणि ते आम्ल शोषून घेणारी शिंपल्यांच्या भुकटीसारखी द्रव्ये सुचविली. येथे नावाचा परिणाम स्पष्ट दिसतो. रडणे म्हणजे पोट, पोट म्हणजे आम्ल, आणि आम्लावर क्षार. ही साखळी एकदा जुळल्यावर ती दोन शतकांहून अधिक काळ टिकली.

३. सहाणेवरची औषधे

महाराष्ट्रातील घरगुती उपचार पाहिले असता तेथेही नाव आणि औषध यांचे नाते दिसते, परंतु त्याची तऱ्हा निराळी आहे. बाळगुटी किंवा बाळघुटी ही आपल्याकडील सर्वपरिचित योजना. हिरडा, वेखंड, मुरडशेंग, मायफळ, जायफळ, सुंठ, हळकुंड, अतिविष, काकडशिंगी इत्यादी द्रव्ये सहाणेवर उगाळून त्यांचे चाटण मुलास देण्याची ही पद्धत. यातील प्रत्येक द्रव्याचे मोजमाप वजनाने नव्हे, तर सहाणेवरील वेढ्यांनी होत असे. मूल जसे मोठे होई तसे वेढे वाढत. याखेरीज ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोट शेकणे, बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावणे, पायांवर घेऊन तेल चोळणे, ढेकर येईपर्यंत खांद्यावर घेऊन थोपटणे हे बाह्योपचार होत.

मुरडशेंग या नावाकडे क्षणभर लक्ष द्यावे. ही शेंग दोरीसारखी पिळलेली असते आणि ती मुरड्यावर दिली जाते. हिंदीत तिला 'मरोड़फली' म्हणतात आणि तेथेही 'मरोड़' म्हणजे पीळ आणि पोटातील मुरडाही. आकाराचे साम्य हेच औषधाचे गमक मानण्याची प्रवृत्ती अनेक समाजांत आढळते, आणि हे तिचे उत्तम उदाहरण म्हणून सांगता येईल. मात्र येथे थोडी सावधगिरी हवी. संस्कृतात या वनस्पतीस 'आवर्तनी' असे नाव आहे. त्यात वळण्याचा अर्थ आहे, पण पोटदुखीचा नाही. यावरून नाव प्रथम शेंगेच्या आकारावरून पडले असावे असे दिसते. मराठी आणि हिंदी या भाषांत पीळ आणि पोटदुखी यांना एकच शब्दकूळ लाभले, त्यामुळे औषध आणि रोग यांची सांगड आपोआप दृढ झाली.

'बाळंतशेप' या नावात दुसरेच सूत्र आहे. बडीशेपेशी साम्य असलेल्या या बियांचे नाव बाळावरून नव्हे, तर बाळंतिणीवरून पडले आहे. औषध आईने खावयाचे आणि गुण तिच्या दुधावाटे मुलास यावयाचा, अशी ही कल्पना. येथे बालक आणि माता ही दोन शरीरे नसून एकच प्रवाह आहे, असे मानले आहे. हे सूत्र पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण गिरणीच्या भोंग्याने नेमका हाच प्रवाह तोडला.

याच गटातील तिसरा शब्द 'बाळकडू'. नवजात मुलास द्यावयाचे कडू औषध हा त्याचा मूळ अर्थ. आज तो जवळजवळ लाक्षणिक अर्थानेच वापरला जातो. एखाद्यास देशभक्तीचे, संगीताचे वा व्यायामाचे बाळकडू मिळाले, असे आपण म्हणतो. घरातील एक कडू चाटण संस्काराचे प्रतीक झाले आणि भाषेने त्याला मानाचे स्थान दिले.

४. नॉटिंगहॅममधील दोन बाटल्या

आता या इतिहासाचे दुसरे केंद्र पाहू. ते इंग्लंडातील नॉटिंगहॅम हे शहर होय. या शहराची निवड करण्याचे कारण असे की, रडणाऱ्या मुलांसाठी एकोणिसाव्या शतकात बाजारात विकल्या जाणाऱ्या दोन भिन्न जातींच्या औषधांचा इतिहास येथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतो आणि त्या दोहोंचे प्रतिरूप पुढे मुंबईत दिसते.

पहिले औषध 'गॉडफ्रीज कॉर्डियल'. काकवीसारख्या गोड पाकात अफू मिसळून ते करीत. नॉटिंगहॅम हे लेस विणण्याच्या धंद्याचे केंद्र होते. तेथील स्त्रिया घरी बसून दीर्घकाळ काम करीत आणि मूल मध्येच रडले तर काम थांबे. मुलांच्या रोजगाराविषयी चौकशी करण्यासाठी नेमलेल्या राजआयोगाच्या १८४३ च्या अहवालात या शहरातील लेसकामगार स्त्रिया तान्ह्या मुलांना गॉडफ्रीचे औषध पाजीत असल्याच्या साक्षी नोंदल्या आहेत. फ्रेडरिक एंगल्स याने १८४५ मधील आपल्या ग्रंथात या औषधाचा उल्लेख केला आहे. कार्ल मार्क्स यानेही 'भांडवल' ग्रंथाच्या १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात कारखान्यांच्या प्रदेशातील मुलांना अफूयुक्त औषधे देण्याच्या प्रथेची दखल घेतली आहे.

दुसरे औषध म्हणजे 'ग्राइप वॉटर'. विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने ते १८५१ मध्ये नॉटिंगहॅम येथेच सिद्ध केले आणि १८७६ मध्ये त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली. पूर्व इंग्लंडातील दलदलीच्या प्रदेशात हिवतापाच्या मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधावरून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. शेपेचे तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि सुमारे ३.६ टक्के मद्यार्क ही त्याची घटना होती. हॅरिसच्या काळापासून चालत आलेली 'आम्लावर क्षार' ही साखळी येथे सोड्याच्या रूपाने आली आणि 'ग्राइप' हे जुने लोकभाषेतील नाव बाटलीवर चढले. पुढे हे औषध हिंदुस्थानात आले आणि 'ग्राइप वॉटर' हा शब्द मराठी घरांत गुटीच्या शेजारी येऊन बसला. त्यातील शेपेचा वास आपल्याकडील स्त्रियांस परका वाटण्याचे कारणच नव्हते. बाळंतशेप त्यांच्या परिचयाचीच होती. फरक एवढाच की, जे आईने खावयाचे ते आता थेट मुलाच्या तोंडात चमच्याने जाऊ लागले. त्यातील मद्यार्क ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये काढून टाकण्यात आला.

शेपेला इंग्रजीत 'डिल' म्हणतात. हे नाव झोपविणे किंवा जोजविणे या अर्थाच्या 'दिल्ला' या जुन्या नॉर्स क्रियापदावरून आले, असे पुष्कळ पुस्तकांतून सांगितले जाते. ही व्युत्पत्ती गोड आहे, पण ती स्वीकारणे कठीण आहे. हा शब्द प्राचीन इंग्रजी, प्राचीन सॅक्सन आणि प्राचीन उच्च जर्मन या भाषांत आढळतो आणि तेथे तो केवळ वनस्पतीचे नाव आहे. निजविण्याचा अर्थ त्याला कोठेही चिकटलेला नाही. औषधाचा उपयोग माहीत झाल्यावर त्या उपयोगास जुळणारी व्युत्पत्ती मागाहून शोधली गेली, असेच म्हणावे लागते.

याउलट दुसऱ्या एका इंग्रजी शब्दाची खरी व्युत्पत्ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. या औषधांस 'सूदिंग सिरप' म्हणत. 'सूद' या क्रियापदाचा आजचा अर्थ शांत करणे, दुःख हलके करणे असा आहे. परंतु प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'खरे करून दाखविणे, सत्य ठरविणे' असा होता. ज्या नामापासून ते साधले त्याचे नाते आपल्या 'सत्' आणि 'सत्य' या शब्दांशी आहे. सत्य ठरविणे, मग दुसऱ्याच्या म्हणण्यास होकार देणे, मग त्याचे मन राखणे, मग त्याला शांत करणे, असा हा अर्थप्रवास झाला. म्हणजे समजूत घालण्याच्या मुळाशी समोरच्याचे म्हणणे खरे मानणे होते. अफूच्या बाटलीवर हा शब्द आला तेव्हा त्यातील हा मूळ अंश पूर्णपणे नाहीसा झालेला होता. त्या काळी विकल्या जाणाऱ्या अशा एका औषधाच्या नावातच 'क्वायटनेस', म्हणजे निःशब्दता, हा शब्द होता. त्या नावात निदान प्रामाणिकपणा होता, असे म्हणता येईल.

५. बाळगोळी

मुंबईत १८५० नंतरच्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि शतक संपेतोवर हजारो मराठी स्त्रिया त्यांत काम करू लागल्या. नॉटिंगहॅमच्या लेसकामगार स्त्रीपुढे जो प्रश्न होता तोच येथे अधिक कठोर रूपात उभा राहिला, कारण गिरणीकामगार स्त्री घरी नव्हती. दहा-दहा तास ती मुलापासून दूर असे. तिच्या दुधावाटे बाळंतशेपेचा गुण मुलास पोहोचावा, तर दूधच वेळेवर पोहोचत नव्हते. सहाणेवर गुटी उगाळून वेढे मोजावयास ना वेळ, ना वडीलधारे माणूस. सासू आणि आजी कोकणात वा घाटावर गावी राहिलेल्या. अशा स्थितीत जे औषध सर्वत्र झाले ते अफूची लहान गोळी हे होय. मुंबईत तिला 'बाळगोळी' म्हणत.

मुंबई सरकारने गिरण्यांतील स्त्रियांच्या प्रसूतिविषयक परिस्थितीची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली होती. तिच्या पाहणीचा वृत्तान्त १९२२ मध्ये सरकारच्या 'लेबर गॅझेट' या मासिकात आला. औद्योगिक कामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद केले होते. हा आकडा वाचून त्या मातांना अज्ञानी वा निर्दय ठरविण्याची घाई होण्याचा संभव आहे. शंभरांतील अठ्ठ्याण्णव स्त्रिया जेव्हा एकच गोष्ट करतात तेव्हा ती व्यक्तीची चूक राहत नाही. ती परिस्थितीची अट बनते.

शिवाय अफूचा 'गुण' येतच होता, हेही विसरता कामा नये. अफू आतड्यांचे आकुंचन मंद करते, म्हणून पोटात खरोखर कळ असेल तर ती थांबते. ती नसून मूल भुकेने रडत असेल, तर भूकही बधिर होते. ताप असेल तरी मूल निजून राहते. रडण्याची सारी कारणे एकाच गोळीने गप्प होतात. यातच तिचा धोका आहे. मूल दूध मागत नाही, म्हणून त्यास दूध मिळत नाही आणि ते झिजत जाते. मात्रा थोडी वाढली तर श्वासच मंदावतो. 'बाळ शांत झाले' या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. त्याचे दुखणे गेले हा एक, आणि त्याचा आवाज थांबला हा दुसरा. बाळगोळीने या दोन अर्थांतील भेद व्यवहारात नष्ट केला. काश्यपसंहितेच्या वैद्यापुढे रडणे हे वाचावयाचे चिन्ह होते. येथे ते चिन्हच पुसून टाकले गेले.

या परिस्थितीत पालट झाला तो औषधाने नव्हे. मुंबई विधिमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच्या बाजूने भाषण केले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा संमत झाला आणि प्रसूतीनंतर चार आठवडे स्त्रीस कामावर घेण्यास बंदी झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे काम करतात तेथे पाळणाघर आवश्यक ठरविले. अफूच्या औषधेतर वापराबाबत १९४९ मध्ये दहा वर्षांत तो बंद करण्याचे धोरण ठरले आणि १९५९ मध्ये ते अमलात आले.

६. सहा आठवड्यांचा आकडा

यानंतरचा टप्पा रडण्याच्या मोजणीचा होय. मॉरिस वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या लेखात अशा मुलांची व्याख्या केली. अन्यथा निरोगी असलेले मूल दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर ते या गटात येते. त्या लेखाच्या शीर्षकात 'कॉलिक' हे या रडण्याला कधी कधी दिले जाणारे नाव म्हणून आले आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखी आहे. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये मातांनी ठेवलेल्या नोंदींवरून असे दाखविले की, निरोगी मुलांचेही रडणे जन्मानंतर वाढत जाऊन सुमारे सहाव्या आठवड्यात सर्वाधिक होते आणि मग उतरत जाते. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी केलेल्या रोम येथील निकषांच्या चौथ्या आवृत्तीतही वर्णन आहे ते उघड कारण नसलेल्या, पालकांस थांबविता न येणाऱ्या रडण्याचे. पोटातील वेदना हा त्यातील आवश्यक घटक नाही. म्हणजे शूळ, ग्राइप, मुरडा आणि वायगोळा या चारही रूपकांपासून शास्त्र हळूहळू दूर सरकले असून पाहिलेली गोष्ट आणि लावलेला अर्थ यांतील अंतर पुन्हा मोकळे झाले आहे.

या नव्या ज्ञानाच्या प्रकाशात १९२९ च्या कायद्याकडे पाहिले असता मन अस्वस्थ होते. आई चार आठवड्यांनी कामावर जाई आणि मुलाचे रडणे सहाव्या आठवड्यात शिखरास पोहोचे. ज्या पंधरवड्यात मुलास कोणीतरी सतत उचलून घेण्याची सर्वाधिक गरज, त्याच पंधरवड्यात ते उचलणारे हात गिरणीत असत. बाळगोळीचा खप कशामुळे होता, याचे याहून स्पष्ट उत्तर शोधण्याची गरज नाही. तो खप पोटातील वायूने कमी आणि गिरणीच्या भोंग्याने अधिक ठरविला होता.

औषधांचाही हिशेब या काळात नव्याने मांडला गेला. आतड्यांची कळ थांबविणारे डायसायक्लोमीन हे औषध पुष्कळ वर्षे मुलांना दिले जात होते. त्याने काही तान्ह्या मुलांचे श्वास थांबल्याचे लक्षात आल्यावर १९८० नंतरच्या दशकात सहा महिन्यांखालील मुलांसाठी ते वर्ज्य ठरविण्यात आले. वायूचे बुडबुडे फोडणारे सिमेथिकोन कसोटीत औषधविरहित द्रवाहून सरस ठरले नाही. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्यामुळे गुटी आणि ग्राइप वॉटर या दोहोंची जागा पूर्वीची राहिलेली नाही. मुलास उचलून छातीशी धरणे, ढेकर काढणे, झोळीत हलविणे, थोपटणे हे निरुपद्रवी उपचार मात्र शिल्लक राहिले आहेत. ते रडणे दर वेळी थांबवितातच असे नाही, पण ते ऐकणारे माणूस जवळ ठेवतात. आणि जवळचे माणूस असले म्हणजेच ताप, हिरवी उलटी, शौचावाटे रक्त, दूध तोडणे ही खरोखर धोक्याची चिन्हे वेळीच नजरेस पडतात. 'पोटात वायू धरला असेल' असे नाव देऊन मोकळे होण्याचा मोह अशा वेळी घातक ठरतो.

७. समारोप

आता आरंभी सांगितलेल्या शब्दाकडे वळू. 'बाळकडू' मराठीत जिवंत आहे आणि सन्मानाने वावरत आहे. 'बाळगोळी' हा शब्द मात्र गिरणगावातील जुन्या माणसांच्या आठवणींत आणि इंग्रजी अहवालांच्या पानांत उरला आहे. दोन्ही शब्दांची घडण एकाच प्रकारची, दोन्ही एकाच वयाच्या मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधांचे. एकाचे रूपक झाले आणि दुसरा लोपला. भाषा काय जपते आणि काय टाकते हा केवळ ध्वनींच्या झिजेचा प्रश्न नसतो. ज्या घरांत सहाण होती आणि ती वापरावयास आजी होती, त्या घरांचा शब्द ग्रंथभाषेत आला. ज्या चाळींतल्या खोल्यांत दिवसभर कोणी नव्हते, त्यांचा शब्द आला नाही.

तथापि तो अगदीच निःशेष झाला, असेही म्हणवत नाही. मार्क्सने १८४४ मध्ये धर्माची तुलना अफूशी केली. मूळ जर्मन शब्दांत केवळ अफू आहे, गोळी नाही. मराठीत मात्र ते विधान सांगताना 'अफूची गोळी' असाच प्रयोग रूढ झाला. प्रौढ माणसेही अफूची गोळी घेत, त्यामुळे हा प्रयोग बाळगोळीवरूनच आला असे सिद्ध करता येणार नाही. पण मुंबईच्या कामगारवस्तीत ज्यांनी हे विधान मराठीत प्रथम ऐकले, त्यांना 'गोळी' या शब्दाने काय आठवले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

गिरणगावातील बोलीचे, ओव्यांचे आणि आठवणींचे संकलन जे विद्यार्थी करीत आहेत त्यांनी बाळगोळीसंबंधी जे शब्द, जे वाक्प्रचार मिळतील ते अवश्य टिपून ठेवावेत. ती देणाऱ्या स्त्रिया आता हयात नाहीत, आणि ती घेणाऱ्यांना तर तेव्हा वाचाच नव्हती. त्यांच्या वतीने बोलणारा पुरावा शब्दांखेरीज दुसरा फारसा उरलेला नाही.